मधात कोन बसते?

आमचं वडनेर भोलजी मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं गाव. मुंबई-कोलकाता म्हणतात तो महामार्ग गावाला लागून जातो. सरकारदरबारी त्याचा नंबर आता ५३ झाला, आमच्या तोंडून मात्र अजून ‘सहा नंबर’च निघतं. या रस्त्यालगत माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांचं जुनं वायंडिंग उपसायचं आणि नवी तार भरायची. दिवसभर वार्निशचा वास आणि ट्रकचे हॉर्न. एवढ्या गोंगाटात दहा तास काढणाऱ्या माणसाला संध्याकाळी पुन्हा आवाजाचीच हौस का असावी, हे आमच्या घरच्यांना आजवर समजलेलं नाही. मलाही नीट सांगता येत नाही.

जुनं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा समोरची खोली मुद्दाम मोठी काढली. बारा बाय अठरा. एका भिंतीला टीव्ही. जळगावहून एक जुना पण चांगला रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं मशीन, आणला, त्याला जोडायला दोन उंच टॉवर, मागच्या भिंतीसाठी दोन छोटे डबे आणि एक बास. सेंटर, म्हणजे टीव्हीखाली आडवा ठेवतात तो मधला स्पीकर, तेवढा घेतला नाही.

दुकानदारानंच सांगितलं होतं, नका घेऊ. दोन टॉवर चांगले असले की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप मधोमध येतो, सेंटरचे पैसे टॉवरात घाला. नुसतं सांगून थांबला नाही, दाखवलंही. खुर्चीत बसवलं, गाणं लावलं. गायिकेचा आवाज दोन टॉवरांच्या बरोबर मधून येत होता आणि तिथं तर नुसती प्लास्टिकची फुलं ठेवलेली. मी उठून फुलांच्या मागे हात घालून पाहिलं. काही नव्हतं. दुकानदार हसला, मी पैसे मोजले. तो खोटं बोलला नव्हता, हे आजही म्हणतो. त्याच्या दुकानात ऐकायला खुर्ची एकच होती, एवढंच.

घरी सगळं जोडून पहिल्या रात्री पिक्चर लावला. मी सोफ्यावर मधोमध. आवाज असा की अंगावर काटा. अर्ध्या तासानं आमच्या म्हाताऱ्या आबांचा पहिला निकाल आला.

“थो काय म्हनते, मले काईच समजत नाही. गाणं लागलं का कान फुटते, बोलाले लागला का गायब.”

आवाज वाढवला. पुढच्या मारामारीत आई स्वयंपाकघरातून धावत आली. कमी केला, तर आबांनी पुन्हा हात कानामागे नेला. मग म्हणाले, “अन् मानूस तिकडं टीव्हीत, आवाज इकडं दारातून येते. हे कसं?”

आबांचा दिवाण उजव्या भिंतीला, रस्त्याकडच्या दाराजवळ. उजवा टॉवर त्यांच्या अगदी जवळ. मी म्हणालो, “आबा, तुमी मधात येऊन बसा ना.”

“मधात कोन बसते? मधातून त सगये येते-जाते.”

खरंच होतं. खोलीचं एक दार रस्त्याकडे, दुसरं आत. मधला पट्टा म्हणजे घराचा रस्ताच. आई दाराच्या चौकटीला टेकून तूर निवडत पाहते, पोरं खाली चटईवर लोळतात, शेजारचे काका येतात ते चप्पल काढून दाराशीच टेकतात. मी जिथं बसून वाहवा करत होतो, त्या जागेवर घरातलं दुसरं कोणी कधीच बसत नव्हतं.

सगळे झोपल्यावर मी दिवाणावर जाऊन बसलो आणि तोच पिक्चर तिथून ऐकला. आबा म्हणत होते तसंच. हिरो टीव्हीत, त्याचा आवाज दारात. टेप काढला. उजवा टॉवर दिवाणापासून चार फूट, डावा दहा फूट. आवाजाला एक फूट कापायला साधारण सेकंदाचा हजारावा भाग लागतो, म्हणजे सहा फुटांच्या फरकात डाव्याचा आवाज पाच-साडेपाच हजारांशानं मागून येत होता. डोळ्याची पापणीही एवढ्यात लवत नाही, कानाला मात्र ते पुरतं. जो आवाज आधी पोचला, तो जिथून आला तिथंच माणूस बोलतोय, असं कान ठरवून टाकतो. मागून आलेला आवाज तो ऐकतो, पण जागा ठरवताना मोजत नाही. म्हणून दोन टॉवरांच्या मधे उभी राहणारी गायिका खुर्चीतल्या एकट्यालाच दिसते. तो दोन हात सरकला की ती जवळच्या टॉवरात जाऊन बसते. या भासाला हौशी लोक फँटम सेंटर म्हणतात.

हा झाला जागेचा घोळ. शब्द न समजण्याचं कारण आणखी निराळं. वयानं कान जातो तो वरच्या बाजूनं. स्वर ऐकू येतात. स, श, फ, ट, क यांची धार जाते. ‘आवाज येते पन बोलनं समजत नाही’ असं म्हातारी माणसं म्हणतात ते शब्दशः खरं असतं. आबांच्या कानात हेच झालेलं, त्यात आमची खोली नवी, फरशीची, चारही भिंती कोऱ्या. टाळी वाजवली की मागून ठण्ण उत्तर. एक शब्द भिंतींवर आपटून विरायच्या आत दुसरा येऊन त्यात मिसळणार. आणि या मधल्या भासाचा एक दोष मधोमध बसणाऱ्यालाही चुकत नाही. एकच बोलणं दोन टॉवरांतून आलं की प्रत्येक कानाला ते दोनदा मिळतं, एकदा जवळच्या टॉवरातून आणि किंचित उशिरा दुसऱ्यातून. दोन हजार हर्ट्झच्या आसपास ही दोन येणी एकमेकांना खातात, आणि शब्दांची स्पष्टता बरीचशी तिथंच राहते. तरण्या कानाला हा खड्डा फारसा जाणवत नाही.

त्या आठवड्यात मी जे वाचलं, त्यानं करमणूक झाली आणि थोडी लाजही वाटली. १९३१च्या मार्चमध्ये मुंबईत ‘आलम आरा’ लागला, आपला पहिला बोलपट. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लुमलाइन नावाच्या इंजिनिअरनं दोन बाजूंच्या आवाजाचं, म्हणजे स्टिरिओचं, पेटंट मागितलं. त्यामागची गोष्ट अशी सांगतात की तो होणाऱ्या बायकोबरोबर बोलपट पाहायला गेला होता. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज दुसरीकडून, हे त्याला खटकलं. थोडक्यात, आबांची तक्रार. पुढं १९३३च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हा रंगमंचावर स्पीकर लावले तीन. डावा, उजवा आणि मधला. सभागृहात लोक या टोकापासून त्या टोकापर्यंत बसणार, मधोमध बसणारे थोडेच. मधे खरोखरचा स्पीकर असला तर कडेच्यालाही मधला आवाज मधूनच येतो. १९४०च्या ‘फँटासिया’त पडद्यामागे आवाजाच्या तीनच वाटा होत्या, १९५३च्या सिनेमास्कोपमध्येही पडद्यामागे तीन, चौथी प्रेक्षकांभोवती. १९८७मध्ये डॉल्बीचं प्रो लॉजिक आलं, तेव्हा तो मधला स्पीकर लोकांच्या घरात येऊन बसला. नव्वद वर्षांपूर्वी कडेला बसणाऱ्यांची सोय पाहिली गेली, आणि मी माझ्या घरात एका खुर्चीचा हिशोब करून बसलो होतो.

वास्तविक हे कळायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती. लहानपणी यात्रेतल्या तंबूत पिक्चर पाहिले, तिथं पडद्यामागे एकच मोठा स्पीकर. तो होता सेंटरच, दुसरा कुठला नव्हताच. तंबूच्या कनातीला चिकटून बसलेल्यालाही नट जिथं तिथंच त्याचा आवाज. आमच्याकडच्या सप्ताहाचं पाहा. मंडपाच्या दोन्ही खांबांना बॉक्स, मधे बुवा. बॉक्सजवळच्या बाया बुवांकडे पाहत असतात आणि कीर्तन त्यांच्या कानशिलाशी चाललेलं. एका वर्षी साउंडवाल्या पोरानं बुवांच्या मागच्या बल्लीला एक छोटा डबा उलटा टांगला. मी विचारलं, हा कशाला? म्हणाला, “सामोरच्या बुढ्या मानसाईले बुवा बुवाच्या तोंडातून आयकू याले पायजे ना.” त्याला ब्लुमलाइन ठाऊक नव्हता.

तर सेंटर लावायचं ठरलं. इथं मी एक गाढवपणा केला. माळ्यावर जुन्या पाच डब्यांच्या होम थिएटरचे स्पीकर पडले होते, त्यातला एक उचलला आणि टीव्हीखालच्या लाकडी कपाटात, मागे सरकवून, दोन बाजूंना पुस्तकं लावून बसवला. पिक्चर लावला. आबा म्हणाले, “अबे, यानं त मानूस घागरीत कोंबला.”

अगदी तसंच. कप्प्यात खोल गेलेला डबा, कप्पाच घुमत होता. टॉवरातला आवाज एका जातीचा, याचा दुसऱ्याच. माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेला की मधे आल्यावर त्याला सर्दी व्हायची, पुढं गेल्यावर बरी. तिसऱ्या रात्री आवाज जरा मोठा केला तर रिसीव्हर टक्क करून बंदच पडला. मग मीटर लावला. डबा तीन ओहमच्याही खाली. त्या जुन्या संचाच्या स्वतःच्या मशीनला ते चालत होतं, या रिसीव्हरच्या पाठीवर मात्र सहाच्या खाली जाऊ नका असं छापलेलं. दिवसभर लोकांच्या मोटारींच्या कॉइल मोजणारा माणूस मी, घरचा डबा मोजायला विसरलो. पसरलेल्या वायरी ओलांडत बायकोनं एवढंच म्हटलं, “दुकानात गिऱ्हाइकाले असंच करता का?”

याचं सार असं, की वाईट सेंटरपेक्षा नसलेला सेंटर बरा. हे मी घरात भोगून सांगतो.

पुढं अकोल्याहून टॉवरच्याच कंपनीचा, त्याच जातीच्या कोनाचा सेंटर जुन्यात मिळाला. आडवा, दोन्ही टोकांना एकेक कोन, मधे ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर. या आडव्या ठेवणीतही एक खोट असते. समोर बसलं की ठीक, बाजूला गेलं की दोन कोनांचे आवाज पुढंमागं होऊन काही सूर खातात. म्हणजे ज्यांच्यासाठी आणला, त्या कडेच्यांनाच थोडं कमी. जमलं तर एकच कोन असलेला किंवा तिसरा टॉवरच मधे उभा करावा, पण मग टीव्ही कुठं ठेवणार? मी कपाटाच्या वर, अगदी पुढच्या कडेशी ठेवला, आणि पुढच्या बाजूला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घडी करून घातला, म्हणजे तोंड थोडं वर, बसणाऱ्याच्या कानाकडे.

त्या रात्रीचा एक खेळ मात्र करून पाहावा असा आहे. सहा वाटांचा आवाज असलेला एक हिंदी पिक्चर लावला आणि बाकी सगळ्या वायरी काढून नुसता सेंटर ठेवला. बाजारातला प्रसंग. माणसं बोलतायत, पायांचे आवाज, कप ठेवल्याचा आवाज. बाजार मात्र नाही. गाणं सुरू झालं तर बाई समोर गातेय आणि वाद्यं कुठंतरी भिंतीपलीकडे, पुसट. मग सेंटरची वायर काढून बाकीच्या लावल्या. बाजार भरला, वाद्यं आली, ओठ हलतायत आणि बोलणारं कोणी नाही. रिसीव्हरला सेंटर नाही असं सांगितलं असतं तर त्यानं ते बोलणं दोन टॉवरांना सारखं वाटून दिलं असतं. मी सांगितलं नव्हतं, म्हणून ते वाऱ्यावर गेलं. पिक्चरमधलं बहुतेक सगळं बोलणं या एका आडव्या डब्यात असतं, हे मी तोवर नुसतं वाचलं होतं.

आणि म्हणूनच त्या डब्याचा आवाज निराळा वाढवता येतो. मेनूत जाऊन सेंटर प्लस चार केला. मारामारी आहे तिथंच, बोलणं तेवढं वर. टॉवरांवरच्या भासाला हे जमत नाही, तिथं बोलणं वाढवलं की बंदुकाही वाढतात. आबांच्या दृष्टीनं सगळा खर्च या एका आकड्यासाठी वसूल झाला.

पण लगेच नाही. दोन दिवसांनी त्यांनी ‘नटसम्राट’ लावायला सांगितला. नाना पाटेकरांचा, २०१६चा. तो टीव्हीच्या चॅनेलवर लागला होता. सेंटर मुका. डब्याला कान लावला तर नुसती शांतता. आबा माझ्याकडे पाहतायत, पडद्यावर नाना बोलतायत, आवाज पुन्हा दारातून. वायर तपासली, रिसीव्हर बंद-चालू केला, मग डोक्यात उजेड पडला. डिशवरून ते चॅनेल दोनच वाटांचं येतं. त्यात मधली वाट नाहीच. मधलं बोलणं दोन्हींत सारखं मिसळलेलं. रिसीव्हरवर सराउंडचं बटण दाबलं की तो दोन्ही वाटांत जे सारखं आहे ते वेचून मधे पाठवतो. दाबलं. नाना टीव्हीत परत आले. आपल्याकडच्या कित्येक घरांत सेंटर असूनही टीव्हीवर मुका राहतो, त्याचं कारण एवढंच असतं, आणि लोक स्पीकर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात.

आबांनी त्या दिवशी पिक्चर शेवटपर्यंत पाहिला. मधे एकदाही हात कानामागे गेला नाही. संपल्यावर एकच बोलले, “बुढा खरं बोलते.” हे नानांबद्दल होतं की नटसम्राटाबद्दल, की आणखी कशाबद्दल, मी विचारलं नाही.

खोलीचा ठणठणाट बाकी होताच. पडदे लावले, खाली सतरंजी टाकली, थोडा फरक पडला. मग दिवाळीच्या पुढं कापूस घरी आला. भाव पडलेला, म्हणून आमच्याकडे सगळेच करतात तसं, विकायचं थांबवून समोरच्या खोलीत मागच्या भिंतीला भरून ठेवला. छातीपर्यंत. सोफा उचलून ओसरीत. पोरांच्या अंगाला खाज सुटली, आई रोज बडबडायची. एका रात्री सहज टीव्ही लावला आणि मी हातातलं ताट खाली ठेवलं. मागून येणारा ठण्ण गेला होता. टाळी वाजवली, मेलेली टाळी. बोलणं इतकं स्वच्छ की सेंटरचा प्लस चार जास्त वाटायला लागला. शहरात लोक भिंतींना फोमच्या गाद्या लावतात, आमच्या भिंतीला वीस-बावीस क्विंटल पांढरं सोनं लागलेलं. भाव वाढून कापूस गेला त्या दिवशी घरात सगळे खूश, मी सोडून.

दुकानात आता मोटार टाकायला आलेले लोक हेही विचारतात, सेंटर घ्यावा का? एकटा राहणारा, गाण्यांचा शौकीन, मधे खुर्ची टाकून बसणारा असेल तर मी नको म्हणतो. दोन चांगले घ्या, उरलेल्या पैशात पडदे करा. घरात माणसं असली तर मात्र एवढंच करायला सांगतो: दुकानदाराला दोन टॉवर लावायला लावा, स्वतः त्याच्या खुर्चीत बसू नका, घरी तुमचे आबा जिथं बसतात तेवढे बाजूला सरका, आणि गाणं नको, बोलण्याचा प्रसंग ऐका.

यंदाचा कापूस गेल्या आठवड्यात समोरच्या खोलीत भरला. सेंटर प्लस चारवरून प्लस दोनवर आणलाय. विकला की परत चार.